चातुर्मासातला पोपटी केक

केक मी कुकरमध्ये करते. शिट्टी काढायची, झाकणाची रिंग काढायची, तळाला दोन वाट्या मीठ पसरायचं, त्यावर जाळी आणि जाळीवर भांडं. ओव्हन घेता आला असता, पण आमच्या गावात लाईट कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि मध्येच लाईट गेली की केक जो बसतो तो पुन्हा उठत नाही. गॅसचं तसं नाही. माझा केक चांगला होतो. हे जरा नम्रपणे सांगायला पाहिजे, पण मला ते जमत नाही. चांगला होतो तर होतो.

गाव निपाणीपासून दहा-बारा किलोमीटरवर. आजूबाजूला तंबाखू आणि ऊस. आम्ही जैन, शेतकरी. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत कन्नड. आमच्या भावकीत कॉलेजची पायरी चढलेली पहिली मीच. बी.एस्सी., केमिस्ट्री. आता साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासते. आई चौथीपर्यंत शिकलेली. मराठी ती अक्षराला अक्षर जोडून वाचते, कन्नड आणि इंग्रजी तिनं पहिल्यापासून माझ्यावर सोडलेलं. खताच्या पोत्यावर काय छापलंय, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय, हे वाचून सांगणं पाचवीत असल्यापासून माझं काम. आणि दर वेळी आईचं एक ठरलेलं वाक्य, "हाय तसं वाच. आपल्या मनाचं घालू नगंस."

आप्पा गेल्यापासून घरात आम्ही दोघीच. धाकटा भाऊ बेळगावात फौंड्रीत कामाला आहे, तिथंच अनगोळला बायको-पोरीसह राहतो. त्याची पोरगी म्हणजे माझी भाची. तिच्या सहाव्या वाढदिवसाला आम्ही दोघी अनगोळला गेलो होतो. भावानं बेकरीतून केक आणला होता, अंड्याशिवायचा. आईनं त्याला एकच प्रश्न विचारला, "अंड्याचा आणि बिनअंड्याचा एकाच भांड्यात करत्यात काय रं?" भावानं बेकरीत ते विचारलंच नव्हतं. झालं. आईनं टाळ्या वाजवल्या, पोरीला ओवाळलं, तिच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली आणि केकच्या ताटलीतलं काही न खाता पाणी पिऊन उठली. मोठ्यांच्या ते लक्षात आलं नाही. पोरीच्या आलं. आम्ही निघताना ती रिक्षाशी आली आणि रडवेल्या तोंडानं म्हणाली, "आज्जी माझ्या वाढदिवसाला उपाशीच राहिली."

म्हणून सातव्या वाढदिवसाच्या दोन महिने आधी तिचा मला व्हिडिओ कॉल आला.

"आत्या, या वर्षी केक तू कर. आज्जी खाईल असला."

"करते की."

"आणि पोपटाचा कर."

"पोपटाचाच?"

"पोपटाचाच. हिरवा. मी आणि आज्जी मिळून कापणार. सुरीवर आज्जीचा हात पाहिजे."

त्यांच्या शाळेसमोर एका मोठ्या झाडावर संध्याकाळी पोपट उतरतात, ते ती रोज बघते. मी म्हटलं, करते. मी करते म्हटलं की करते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर चातुर्मास लागला. शेजारच्या गावात एका माताजींचा, म्हणजे जैन साध्वींचा, चार महिन्यांचा मुक्काम होता. गावातल्या बायका टेम्पोनं प्रवचनाला गेल्या, त्यात आई होती, आणि येताना प्रत्येकीनं एकेक नियम घेतला. कुणी दिवसातून एकदाच जेवायचं ठरवलं, कुणी गोड सोडलं. आईनं हिरवं सोडलं.

आमच्यात हिरवं सोडणं म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. पालक, मेथी, कोथिंबीर तर आलीच. पण दोडका, वांगं, गाजर, टोमॅटो हेसुद्धा हिरवंच. झाडावेलीवरून ओलं तोडून आणलेलं ते सगळं हिरवं, मग त्याचा रंग काही का असेना. त्यामुळं चार महिने आमच्या ताटात आमटी, उसळ, पिठलं, पापड. पिठल्यावर कोथिंबीर नाही. मी कारखान्यातून येताना सवयीनं टोमॅटो आणले, तर आई म्हणाली, "हिरवं कशाला आणलीस?" मी ते शेजारी देऊन टाकले.

केकची मला काळजी नव्हती. मैद्यात हिरवं काही नाही, दुधात नाही, साखरेत नाही. उरला रंग. बाटलीतल्या रंगाला आई नाक मुरडेल असं वाटलं म्हणून आधी मी घरचाच रंग करून बघायचं ठरवलं. पिवळ्यासाठी हळद, आणि गोकर्णाच्या वाळवलेल्या फुलांचा निळा. हळद आईला चालणार, फूल सुकलेलं म्हणजे तेही चालणार. पिवळं आणि निळं मिळून हिरवं. कागदावर सगळं बरोबर होतं. वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात एक छोटा केक करून बघितला. सोडा जरा सढळ हातानं पडला. कुकर उघडला तर आत विटेच्या रंगाचं काहीतरी. आई वाकून बघायला आली.

"पोपट कुठं हाय ह्यात? कुंकू केलीस व्हय?"

तिनं गमतीनं म्हटलं, पण ते अगदी खरं होतं. हळद आणि सोडा एकत्र आला की लाल होतं, कुंकू तसंच करतात. कॉलेजात पहिल्या वर्षाला हळदीचा कागद करून त्यावर साबणाचं पाणी टाकून दाखवलेली मी. एवढी शिकून स्वयंपाकघरात तीच चूक केली, याचा मला दोन दिवस राग होता. तो केक आम्ही दोघींनी चहाबरोबर संपवला. चवीला काही वाईट नव्हता.

मग बेळगावला खडेबाजारात गेले. केकचं सामान विकणारं एक दुकान आहे तिथं. दुकानदारानं लाल, हिरव्या, जांभळ्या बाटल्यांची रांगच मांडली.

"आक्का, जेल घ्या. पातळ रंग भाजल्यावर उतरतो, हा न्हाय उतरत."

मी बाटली फिरवून बघत विचारलं, "ह्यात किडा न्हाय न्हवं?"

"आक्का, सीलबंद माल हाय. किडा आत जाईल कसा?"

"तसा किडा न्हवं हो. काही लाल रंग किड्यापासून करत्यात."

दुकानदार माझ्याकडे आणि मग बाटल्यांच्या रांगेकडे बघत राहिला. "वीस वर्षं धंदा करतोय, मला कुणी सांगितलं न्हाय," म्हणाला आणि लाल बाटली उचलून स्वतःच वाचायला लागला. मी पिवळी आणि निळी घेतली. हिरवी तयार मिळत होती, पण तो गडद हिरवा, बाभळीच्या पानासारखा. पोपटाचा रंग वेगळा असतो. त्याला आपल्याकडे नावच वेगळं आहे.

वाढदिवस रविवारी, या वर्षी आमच्या घरी होता. भावाची मंडळी पाच वाजेपर्यंत यायची होती. दिवस मावळला की आई काही खात नाही, म्हणून सगळं त्याच्या आत उरकायचं होतं. दुपारचं जेवण झाल्यावर मी पदर खोचला. मैदा तीनदा चाळला. दही त्याच दिवशीचं, तूप घरचं. पिवळ्याचे नऊ थेंब टाकले आणि निळ्याचा एक. चमचा फिरवला तसा पिठात रंग पसरत गेला आणि मला हवा तोच आला. अजून एक निळा थेंब पडला असता तर पोपट राहिला नसता, बेडूक झाला असता.

आई दारात तूर निवडत बसली होती. सूप घेऊनच आत आली.

"ह्यात पालक घातलीस?"

"न्हाय गं. बाटलीतला रंग हाय."

"हिरवं दिसतंय."

"रंग हिरवा हाय. वस्तू हिरवी न्हाय."

"असं कसं म्हणतीस?"

"त्या दिवशी मी टोमॅटो आणले तर काय म्हणालीस?"

"हिरवं चालत न्हाय म्हणाले."

"टोमॅटोचा रंग कसला?"

आई थांबली. माझ्याशी बोलताना पुढचा खड्डा तिला जरा आधीच दिसतो.

"लाल."

"लालभडक टोमॅटो तुझ्यात हिरवा. मग हिरवा मैदा हिरवा कसा?"

"वकिलीण व्हायचं सोडून रस तपासायला कशाला गेलीस," आई म्हणाली. पण तिला ते पटत होतं, कारण तिनं सूप खाली ठेवलं. "बाटली वाच. हाय तसं वाच."

मी वाचलं. पाणी, साखर, मग रंग एकशे दोन. निळ्या बाटलीवर रंग एकशे तेहतीस.

"हे नंबर कसले?"

"नावं लांब असत्यात, म्हणून नंबर."

"कशापासनं करत्यात?"

"कारखान्यात करत्यात. जमिनीतनं तेल काढत्यात न्हवं, त्याच्यापासनं."

"म्हणजे डिझेल?"

"डिझेल न्हाय गं आई. पण घराणं तेच."

"झाडाचं न्हाय?"

"न्हाय."

"जिवाचं न्हाय?"

"न्हाय. हे बघ, शाकाहाराचा ठिपका बी हाय. हिरवा."

"परत हिरवं आलंच," आई म्हणाली आणि हसली. "चालंल. डिझेलचं सोडलं न्हाय मी."

हा सामना मी जिंकला असं मला वाटलं. भांडं कुकरमध्ये ठेवलं, मग दुसरं. चार वाजेपर्यंत दोन गोल केक निवले. वरचा तपकिरी पापुद्रा सुरीनं तासला, तर आत असा रंग की मीच दोन मिनिटं बघत बसले. मोबाईलवर पोपटाचं चित्र काढून जाड कागदावर त्याचा साचा कापून ठेवला होता, वाकडी चोच, लांब शेपूट, एक पंख. एका गोलातून अंग आणि डोकं निघणार, दुसऱ्यातून पंख आणि शेपटी. कागद केकवर ठेवला आणि सुरी हातात घेतली.

"हे काय करालीस?" आई मागं उभी होती.

"पोपट. हितनं हितनं कापलं की झाला. डोळ्याला मिरी लावते."

"आणि मग सांजच्याला ह्याला कापायचं?"

"मग केक कापायचाच असतो की. ती कापणार, तिच्या हातावर तुझा हात. तिनं मुद्दाम सांगितलंय."

आईनं साच्याच्या चोचीवर बोट ठेवलं, मग मानेवर.

"मी पोपट कापायचा?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, पोरांना शिकवतात त्यात पिठाच्या कोंबड्याची गोष्ट असतेच. राजाला खरा जीव मारायचा नव्हता, म्हणून पिठाचा कोंबडा करून तो कापला, आणि तरी त्याला जीव मारल्याचंच पाप लागलं, कारण मनानं त्यानं कोंबडाच कापला होता. लहानपणी ही गोष्ट न अडखळता सांगून मी पेन मिळवलेला. अंडं तपासलं, दही तपासलं, रंगाचा नंबर न् नंबर तपासला, दुकानदाराला किडा शिकवून आले. सुरी तेवढी राहून गेली.

"मी आधीच तुकडे करून आणते. तू नुसतं खा," मी म्हटलं.

"तू कापलीस म्हणजे या घरातच कापलं की. आणि मी काय खाल्लं मग? पंख?"

"बरं. पोपट न्हाय करत. पेरू करते. पोपटाचा खाऊ म्हणून सांगते तिला. पेरू कापायला काय हरकत हाय?"

"पेरू कापायला हरकत न्हाय," आई म्हणाली. "पण मी हिरवं सोडलंय. पिठाचा पोपट कापला तर पोपट कापला असं मी म्हणते. मग पिठाचा पेरू खाल्ला तर काय खाल्लं?"

तिच्या बोलण्यात खोट नव्हती. दोन तासांपूर्वी मीच तिला सांगितलं होतं की रंगावर जाऊ नकोस, वस्तू बघ. तिनं वस्तू बघितली. माझ्यापेक्षा पुढं जाऊन बघितली.

"म्हणजे रंग मोजायचा न्हाय, आकार मोजायचा," मी म्हटलं.

"आपण काय म्हणून हात लावतो ते मोजायचं."

"अगं, मी पोरीला शब्द दिलाय."

"मी बी दिलाय. माताजींना." मग ती जरा नरम आली. "तू कर पोपट. पोरीची हौस हाय. मी तिच्याशेजारी बसते, टाळ्या वाजवते. खाणार न्हाय, एवढंच."

एवढंच. गेल्या वर्षीही एवढंच झालं होतं.

मी सुरी धरून उभी राहिले. पोरीनं दोन गोष्टी मागितल्या होत्या, आज्जी खाईल असला आणि पोपटाचा. दोन्ही एका केकमध्ये बसत नाहीत हे तिला कुठून माहीत असणार, मलाच माहीत नव्हतं. आता कुणाला तरी एकाला नाही म्हणायला लागणार होतं, आणि ते काम आईवर किंवा भावावर ढकलण्यासारखं नव्हतं. शब्द माझा होता. मी आठवून बघितलं, तिच्या बोलण्यात पहिलं काय आलं होतं. आज्जी. पोपट नंतर.

कागद उचलून मी फडताळावर ठेवला आणि दोन्ही गोल एकावर एक रचले. मध्ये साखरेचा पाक शिंपडला. पिठीसाखर दुधात कालवून त्यात त्याच हिशेबानं रंग घातला आणि वरून ओतली. चोच नाही, डोळा नाही, पान नाही, फळ नाही. आईनं सगळीकडून फिरून बघितलं.

"हे कशासारखं बी न्हाय," ती समाधानानं म्हणाली.

हायवेचं काम चाललेलं, त्यामुळं मंडळी यायला पावणेसहा झाले. भाऊ आत आला आणि पाटावरचा केक बघून म्हणाला, "आक्का, पोपट कुठाय?"

"झाला न्हाय."

"म्हणजे तुझा पोपट झाला."

वहिनीनं त्याला कोपर मारलं. पोरगी नवा फ्रॉक घालून पाटासमोर उभी राहिली होती. तिनं केककडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही भाकरी हाय."

"भाकरी न्हाय, केक हाय. पोपटी केक."

"पोपटी न्हाय. पोपटाचा म्हणाले होते मी. तू करते म्हणालीस."

"म्हणाले होते. केला न्हाय." मी तिच्यासमोर खाली बसले. कारण बनवून सांगता आलं असतं, साचा बिघडला, केक मोडला. पण खोटं वाचून दाखवायची मला सवय नाही. "पोपट केला असता तर तो कापायला लागला असता. आज्जी पोपट कापत न्हाय. पिठाचा असला तरी न्हाय. मग तिनं खाल्लं नसतं."

पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती विचार करत होती. इंग्रजी शाळेत जाते, प्रश्न विचारायला घाबरत नाही.

"पिठाच्या पोपटाला दुखतं?"

"न्हाय दुखत," मी म्हटलं.

"मग?"

जे मोजता येत नाही त्याबद्दल मी प्रयोगशाळेत बोलत नाही आणि घरीही नाही. आई खाली बसली, गुडघा धरून हळूच, आणि पोरीचा हात तिनं आपल्या हातात घेतला.

"त्याला दुखत न्हाय गं बाई. पण आपल्या हाताला कळतं. आज पिठाचा पोपट कापला की हाताला वाटतं, जमतंय की. मग उद्या हात विचारत न्हाय, खरा का खोटा."

पोरीनं आपला हात उलटापालटा करून बघितला. भाऊ बेळगावात मित्रांबरोबर काय काय खातो ते मला माहीत आहे, आईला नाही. तेवढा वेळ तो मोबाईलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं शोधत होता.

"मग पोपट बसू तरी दे," पोरगी म्हणाली.

"कुठं?"

"केकवर. कापताना उडून जाईल."

तिला फडताळावरचा कागद दिसला होता. मी तो काढून दिला, उरलेल्या रंगाच्या वाट्या दिल्या आणि कापसाची काडी. तिनं जमिनीवर पालथं पडून रंगवायला घेतलं. माझे नऊ आणि एक तिला काय माहीत, तिनं निळा सगळाच वापरला. कागद ओला होऊन पंख लोंबायला लागला. पोपटाच्या जागी खंड्या झाला, चोच तेवढी लाल पाहिजे म्हणून तिला कुंकू लावलं. आई दाराकडे बघत होती. समोरच्या कौलांवरचं ऊन वर सरकत चाललं होतं.

"पोरी, ऊन गेलं की मी न्हाय खात हां," ती म्हणाली.

"झालं, झालं, आज्जी," म्हणत तिनं डोळा काढला.

दात कोरायच्या दोन काड्या चिकटवून पक्षी केकवर उभा केला. वहिनीनं पोरीला ओवाळलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पोरीनं दोन बोटांनी त्याची शेपटी धरली, तोंडानं फर्र केलं आणि त्याला उडवत नेऊन खिडकीच्या गजात अडकवला. परत येऊन सुरी धरली आणि मागं न बघता म्हणाली, "आज्जी, हात."

आईनं तिच्या हातावर हात ठेवला. सुरी आत गेली. पहिला तुकडा निघाला, आरपार एकसारखा पोपटी, कुठं पांढरं नाही, कुठं तपकिरी नाही. भाऊसुद्धा म्हणाला, "बेकरीत असला येत न्हाय, आक्का." मी म्हटलं, माहीत आहे.

पोरीनं तुकडा आईच्या तोंडासमोर धरला. आईनं एकदा दाराबाहेर बघितलं, कौलांच्या अगदी टोकाला अजून ऊन होतं, आणि तोंड उघडलं. आई चावत होती तेव्हा पोरगी तिच्या तोंडाकडे बघत होती, गिळल्यावर गळ्याकडे बघितलं.

"खाल्लीस?"

"खाल्ले की."

"सगळं?"

"आ करून दाखवू?"

आईनं खरंच आ केला. जीभ हिरवीगार. पोरगी आधी बघतच राहिली आणि मग इतकी हसली की तिला उचकी लागली. "आज्जीनं खाल्लं," असं तिनं आपल्या आईला सांगितलं, बापाला सांगितलं, मला सांगितलं, फोन लावून अनगोळच्या शेजारणीलाही सांगितलं. तेवढ्यात आईनं आपल्या हातानं दुसरा तुकडा उचलला आणि ऊन जायच्या आत संपवला. "गोड जरा जास्त झालंय," म्हणाली. माझ्याकडून काही खाल्लं की ती काहीतरी काढतेच.

दिवा लागल्यावर ती बस्तीत आरतीला निघाली. पोरगी तिच्या बोटाला, मागं मी. आरती झाल्यावर बायका पायऱ्यांवर बसतात. आई बोलायला लागली तशी एकीनं दिव्याच्या उजेडात तिच्या तोंडाकडे वाकून बघितलं. तिनंही त्याच दिवशी, त्याच माताजींसमोर हिरवं सोडलेलं.

"आक्का, जीभ का गं हिरवी? नियम मोडलीस व्हय?"

बाकीच्या बायकांनीही माना वळवल्या. मी पुढं होऊन समजावून सांगणार होते, सगळं तोंडावर तयार होतं, नंबरसकट. आईनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हिरवं न्हवं गं ते," ती म्हणाली. "पोपटी हाय."

पायऱ्यांवर हशा पिकला. विचारणारीही हसली, पण तिचं समाधान झालं नव्हतं, कारण तिच्या नातवाचा वाढदिवस पुढच्या महिन्यात होता आणि तोही हटून बसला होता, त्याला मोराचा केक पाहिजे होता. तिनं आवाज खाली आणून विचारलं, चातुर्मासात चालेल काय, आणि तू कसं केलंस ते सांग.

आईनं पदर सावरला आणि सावकाश सांगायला लागली. टोमॅटो लाल असून हिरवा कसा, केक हिरवा असून हिरवा का नाही, पेरू का चालत नाही आणि पिठाचा पक्षी का नको, सगळं ओळीनं, माझ्यापेक्षा सोपं करून. पोरगी तिच्या मांडीला टेकून ऐकत होती.

"मग मोर?" त्या बाईनं विचारलं.

"मोर कागदाचा कर, नातवाला रंगवू दे. केक गोल कर. रंग मग कितीबी घाल."

"आणि करणार कोण? मला न्हाय येत."

आईनं अंगठा खांद्यावरून मागं माझ्याकडे केला.

"हिला सांगते. हिनं करते म्हटलं की करते."